पितळी तांब्या प्लॅस्टिकचा का दिसतो?

वाचकांचे प्रश्न : फोटोग्राफी

प्रश्न : सर, मी बडोद्यात फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर दांडिया बाजारातलं, जुनं. या सत्रात स्टिल लाइफचा (मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या फोटोंचा) प्रकल्प आहे आणि मी विषय घेतलाय पणजीची भांडी : पितळी तांब्या, पळी-पंचपात्र, अडकित्ता, पानाचा डबा. तांब्यावर टिंबं ठोकून पणजीचं नाव घातलेलं आहे. भांडी चिंच-मीठ लावून लख्ख घासली, टेबलावर ठेवली, डावीकडे एलईडी बल्ब लावला, वरची ट्यूबलाइटही चालू ठेवली. चमक फार येत होती म्हणून लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून पाहिला. काही फरक पडला नाही. मग फोटोशॉपमध्ये तांब्या कापून घेतला, मागे काळा रंग भरला, खाली सावली टाकली, पोचे आणि ओरखडे हीलिंग ब्रशने घालवले, पिवळा रंग वाढवला. आमच्या मॅडम म्हणाल्या, "भांडं चिकटवल्यासारखं दिसतंय आणि पितळेचं वाटतच नाहीये, प्लॅस्टिकचं वाटतंय." मला एडिटिंग अजून शिकायला हवं का? आणि एडिटिंग किती केलेलं चालतं?
— एक विद्यार्थिनी, बडोदा

उत्तर : पत्राबरोबरचे फोटो मोठे करून नीट पाहिले. एडिटिंग तुला उत्तम येतं. तांब्याच्या काठाची कापणी इतकी सफाईदार आहे की कुठे बोट ठेवायला जागा नाही. तेव्हा कॉम्प्युटर जरा बाजूला ठेव आणि पुन्हा त्या टेबलाशी जा. मॅडमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ तिथल्या उजेडात आहे.

आधी प्लॅस्टिकचं बघू. प्लॅस्टिकचा मग लाल असो की निळा, त्याच्यावर दिवा चमकला की चमकेचा ठिपका पांढराच दिसतो. त्याच्या पृष्ठभागावरून उसळणारा प्रकाश मगाचा रंग घेत नाही. पितळ आणि तांबं मात्र उसळणाऱ्या प्रकाशालाही आपला रंग देतात, म्हणून पितळेची चमक सोनेरी. तुझा बल्ब लहान, उघडा आणि जवळ. त्याचं प्रतिबिंब इतकं प्रखर पडलं की लाल, हिरवा, निळा हे फोटोतले तिन्ही चॅनल २५५ वर, म्हणजे कमाल मर्यादेवर, जाऊन टेकले आणि तिथला सोनेरीपणा धुऊन गेला. उरला एक बारीक पांढरा ठिपका आणि भोवती सपाट पिवळा रंग. असं आपण रोज पाहतो ते प्लॅस्टिकवर, त्यामुळे बघणाऱ्याचा डोळा क्षणात निकाल देऊन मोकळा होतो. वर तू पिवळा वाढवलास, त्यात उरल्यासुरल्या छटाही एकमेकींत मिसळल्या.

पोलरायझरचा दोष नाही. काच, पाणी, वार्निश यांच्यावरची चमक विशिष्ट कोनातून पाहिली तर त्याने दबते. उघड्या धातूवरची दबत नाही.

आता चिकटवल्यासारखं का दिसतं ते. फोटो शंभर टक्के मोठा करून तांब्याचं पोट बघ. डावीकडे बल्ब आहे, वर ट्यूबची लांब रेघ आहे, खाली टेबलक्लॉथच्या चौकटी वाकलेल्या आहेत, मध्यभागी ट्रायपॉड आणि त्यामागे तू उभी आहेस. मागचा भाग काळा केलास, पण तांब्याच्या पोटात ती उजेडाची खोली जशीच्या तशी राहिली. मातीचं मडकं कापून दुसरीकडे ठेवलं तर एक वेळ खपतं. घासलेलं पितळ जिथे होतं तिथली सगळी साक्ष सोबत घेऊन येतं. सावलीचंही तसंच. खरी सावली भांड्याच्या बुडाशी सगळ्यांत गडद आणि रेखीव असते, लांब जाईल तशी फिकट, मऊ होत जाते. शिवाय पितळ टेबलावर एक सोनेरी कवडसाही टाकतं. तू टाकलेली सावली सगळीकडे सारखीच मऊ आहे, त्यामुळे तांब्या टेबलाला टेकलेलाच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच : पितळेचा फोटो काढताना पितळेला काय दिसतंय ते तू ठरव. मी रावपुऱ्यात सोनारांसाठी दागिन्यांचे फोटो काढत आलो, आणि या कामात निम्म्याहून जास्त वेळ कागद इकडचा तिकडे सरकवण्यात जातो. कॅमेऱ्याचं बटण दाबणं शेवटी येतं.

ट्यूबलाइट बंद कर. ट्यूबचा, बल्बचा आणि खिडकीचा उजेड वेगवेगळ्या रंगाचा असतो, पितळ ते सगळे एकदम दाखवतं आणि व्हाइट बॅलन्सची (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याची) एक पट्टी सरकवून ते सुटत नाही. जुन्या घरांत भिंतींना हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट असतो, तोही पोटात उतरतो. तुमच्या भिंती तशा असतील तर पांढरी चादर टांग. मग बल्ब आणि तांब्या यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव उभा कर, तांब्याच्या जितका जवळ नेता येईल तितका, फोटोच्या चौकटीत दिसणार नाही इतपत. बल्ब कागदाच्या मागे दीड-दोन फुटांवर. त्याने कागद मध्ये उजळ आणि कडांकडे मंद होत जाईल. नेमका हाच उतार तांब्याच्या पोटावर उमटतो आणि त्यानेच पोट गोल दिसतं. कागद सगळीकडे सारखा उजळला तर पितळ पुन्हा सपाट.

एवढ्यावर थांबू नकोस. चहूबाजूंनी पांढरं पांढरं केलं की भांड्याच्या कडाच हरवतात. काळ्या चार्ट पेपरच्या वीतभर रुंद पट्ट्या काप आणि तांब्याच्या दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर उभ्या कर. पोटाच्या कडेला एक काळी, बारीक, वळणदार रेघ येईल. काळ्याशिवाय धातूला धातूपण येत नाही. उजवीकडे थर्माकोलचा तुकडा ठेवून सावलीची बाजू थोडी उचल. एका काळ्या कागदाला लेन्सपुरतं भोक पाडून त्यातून फोटो काढ, म्हणजे तुझं स्वतःचं प्रतिबिंब जाईल.

काळी पार्श्वभूमी हवी असेल तर तीही उजेडानेच मिळते. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. उघड्या बल्बपासून तांब्या एक फुटावर आणि मागची भिंत चार फुटांवर असेल, तर भिंतीवर तांब्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच प्रकाश पोचतो, म्हणजे चार स्टॉप कमी (प्रकाश एकदा निम्मा झाला की एक स्टॉप). मध्ये कागद आला की प्रकाशाचा उगम मोठा होतो आणि हिशोब इतका काटेकोर राहत नाही, पण तत्त्व तेच : दिवा-कागद भांड्याजवळ, भांडं भिंतीपासून लांब.

कॅमेऱ्याचं थोडक्यात : ट्रायपॉड, आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्ध्या सेकंदावर गेलं तरी बिघडत नाही, तांब्या हलणार नाही. एफ/२२ वर मात्र जाऊ नकोस, विवर्तनामुळे, म्हणजे फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळाच फोटो किंचित बोथट होतो. काळा भाग जास्त असला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो उजळ काढतो, तेव्हा एक स्टॉप खाली ये. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, घे. जेपेगमध्ये एका चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पितळेचा तो मंद उतार पुढे ताणताना या पायऱ्याच कामी येतात.

आता पणजीच्या नावाबद्दल. तू पाठवलेल्या फोटोत ते जेमतेम दिसतं, आणि दुसऱ्या फोटोत हीलिंग ब्रशने दोन टिंबं पुसली गेली आहेत. मला सगळ्यांत जास्त हळहळ त्याची वाटली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालत असत, छिन्नी-हातोडीने एकेक टिंब ठोकून. ते नाव म्हणजे तुझ्या प्रकल्पाचा जीव आहे. समोरून उजेड टाकलास तर टिंबं बुजतात. तांब्या हळूहळू फिरव आणि पांढऱ्या कागदाचं प्रतिबिंब जिथे संपून काळ्या पट्टीचं सुरू होतं, बरोबर त्या सीमेवर नाव आण. तिथे प्रत्येक टिंबाची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते, आणि अक्षर न् अक्षर उठून येतं. तांब्या केसभर फिरला तरी फरक पडतो, म्हणून घाई करू नकोस. फोकसही तिथेच धर.

आणि भांडी घासल्या घासल्या फोटो काढू नकोस. थोडे दिवस जाऊ देत. पितळेवर हवेमुळे किंचित थर चढला की आरसेपणा कमी होतो आणि चमक पसरट, मऊ येते.

एडिटिंग किती? फिल्मच्या काळातही आम्ही डार्करूममध्ये तारेला पुठ्ठ्याची चकती लावून एखादा भाग उजळ ठेवायचो, मुठीच्या फटीतून उजेड टाकून एखादा भाग गडद करायचो. फोटोशॉपमध्ये त्या दोन हत्यारांची चित्रं आजही तशीच आहेत, काडीवरची चकती आणि वळलेला हात. तेवढं खुशाल कर, वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या वेगळ्या थरावर. धुळीचे कण काढ. व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून बसव. पोचे आणि ओरखडे राहू देत. तो पोचा कशाने पडला हे घरात कुणाला ठाऊक असेल तर विचार, आणि फोटोखाली लिही. आपल्याच शहरात ज्योती भट्ट यांनी गावोगाव हिंडून भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदण कॅमेऱ्यात नोंदवून ठेवलं. चित्रकार असूनही त्यांनी समोरच्या बाईने काढलेली रेघ सरळ केली नाही. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो शोधून बघ.

लेयर जोडण्याचे तुझे प्रयोग मात्र थांबवू नकोस, त्यांना दिशा दे. ट्रायपॉड आणि तांब्या अजिबात न हलवता तीन-चार फोटो काढ : एक पोटाच्या उताराचा, एक नावाचा, एक काठाचा, एक फक्त सावली आणि कवडशाचा. प्रत्येक वेळी फक्त कागद आणि दिवा हलव. मग ते फोटो मास्क लावून, म्हणजे प्रत्येकातला हवा तेवढाच भाग दिसू देऊन, जोड. सगळी प्रतिबिंबं एकाच खोलीतली असल्याने जोड दिसणार नाही. जाहिरातीतली घड्याळं, बाटल्या बऱ्याचदा अशाच काढलेल्या असतात.

वक्र धातूचा आणखी एक प्रयोग. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एक ढोबळी मिरची टिनाच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने उजेड चहूकडून परतला आणि मिरचीचं प्रत्येक वळण उठून आलं. तुझ्याकडे पानाच्या डब्याचं झाकण आहे. त्याच्या आत सुपारी ठेवून बघ.

आणि एखाद्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंग म्युझियममध्ये जा. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून करवून घेतलेली चित्रं तिथे आहेत. त्या चित्रांतले दागिने आणि जरीकाम यांच्याजवळ उभी राहा. सोनं दाखवायला पिवळा किती वापरलाय आणि तपकिरी किती, हे मोजून वहीत लिही. त्यानंतर तुझा हात सॅच्युरेशनकडे (रंग वाढवण्याच्या पट्टीकडे) जाणार नाही.

प्रश्न : मी घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेते. फोनवर काढलेल्या फोटोत चकली काळपट आणि अनारसे पिवळेजर्द येतात. फिल्टर लावले तरी जमत नाही. चांगला फोन घेऊ का?
— एक गृहिणी, कारेलीबाग

उत्तर : ताई, फोन घेऊ नका. स्वयंपाकघरातला दिवा बंद करा आणि ताट खिडकीजवळ न्या. खिडकी ताटाच्या मागे किंवा बाजूला हवी. तुमच्या पाठीशी असली तर चकलीचे काटे दिसणार नाहीत. थेट ऊन येत असेल तर पांढरा पंचा लावा. समोरून एक पांढरा कागद उभा धरा, काळपटपणा जाईल. स्टीलच्या ताटाऐवजी केळीचं पान किंवा साधी मातकट बशी घ्या. स्क्रीनवर चकलीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. फिल्टर अजिबात नको. गिऱ्हाइकाच्या घरी जो रंग पोचणार तोच फोटोत असावा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या अल्बममधले काळे-पांढरे फोटो पिवळे पडले आहेत, काही पानाला चिकटले आहेत. घरच्या घरी नीट करता येतील का?
— एक निवृत्त शिक्षक, वाडी, बडोदा

उत्तर : सर, चिकटलेले फोटो ओढून काढू नका, वरचा थर सुटून येतो. सुटे असतील ते स्कॅनरवर ६०० डीपीआयने, टिफ फाइलमध्ये घ्या. काळे-पांढरे असले तरी स्कॅन रंगीतच करा, डाग वेगळे काढणं सोपं जातं. चिकटलेल्यांचा फोटो पानासकट वरून काढा : कॅमेरा अगदी काटकोनात, दोन्ही बाजूंना सारखे दिवे ४५ अंशांवर. चकचकीत कागदावर चमक आलीच तर दिव्यांवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर असे दोन्ही लावले तर उपयोग होतो. जिम्प हा मोफत प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे. मूळ स्कॅन दोन ठिकाणी ठेवा आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करायला विसरू नका.