आत्याबाईंचा शनिवार

मावशी,
आम्ही परंडा तालुक्यातले. २०२५च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी गावात शिरलं. तीन एकर सोयाबीन गेलं, रान खरडून गेलं, दावणीच्या दोन म्हशी गेल्या. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. हे दिवसभर बाहेर असतात, रात्री उशिरा येऊन झाकलेलं ताट उघडतात. पोरं मोबाइलवर. सत्तरीच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, तर देव-देव फारच वाढलंय. आधी मंगळवार आणि एकादशी धरायच्या, आता सोमवार, गुरुवार, शनिवारही धरतात. फराळही नको, नुसता कोरा चहा. शुगरची गोळी चालू आहे, चक्कर येते, तरी ऐकत नाहीत. मला मात्र देवापुढं दिवा लावावासाच वाटत नाही. ज्यानं सगळं नेलं त्याला हात कशाला जोडायचे? माझी श्रद्धा परत कशी येईल? आमचं घर पहिल्यासारखं कसं होईल?
– एक सून

पोरी,
तुझं पत्र तीनदा वाचलं. दर वेळी माझं बोट आत्याबाईंच्या उपवासापाशीच अडलं. तू ते तक्रारीच्या सुरात उरकून टाकलंस. आठवड्यातले चार दिवस एक म्हातारी जेवत नाही. साबुदाणा नको, भगर नको, मूठभर शेंगदाणे नकोत. आणि हे सुरू झालं ते पुरानंतर. तुला यात देव-देव दिसलं, मला तुमच्या ज्वारीच्या पिठाचा डबा दिसला.

त्या चार दिवशी त्यांच्या वाटणीची भाकरी कुणाच्या ताटात जाते?

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलो असायची, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापतानाच कडेनं चिरायची. संध्याकाळी आम्ही चौघं भावंडं चुलीपुढं बसायचो. आई तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची, टोपल्याकडं एकदा बघायची आणि मग म्हणायची, "आज माझा गुरुवार." टोपलं बघितल्याशिवाय तिचा वार ठरत नसे. एका आठवड्यात असे दोन गुरुवार आले. मी म्हटलं, "आई, गुरुवार तर परवाच झाला." तिनं माझ्या भाकरीवर तिखटाची चिमूट ठेवली आणि म्हणाली, "गप जेव." मी जेवले. ते दोन गुरुवार मला कळायला माझी स्वतःची लेकरं व्हावी लागली.

म्हणून तुझ्यावर राग आलाय, तो लपवत नाही. घर पहिल्यासारखं कसं होईल असं मला विचारतेस, आणि त्याच घरात एक बाई स्वतःच्या पोटातलं काढून तुझ्या लेकरांना घालतेय. तू रोज तिला कोरा चहा देतेस आणि कप विसळून ठेवतेस.

समज, माझा अंदाज चुकला आणि त्या खरंच देवासाठी धरत असतील, तरी ती गोळी आहेच. शुगरच्या काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. त्या चक्करेला तू हट्ट समजत बसू नको. पुन्हा चक्कर आली आणि त्या शुद्धीत असतील तर लगेच साखरपाणी पाज. सकाळीच सरकारी दवाखान्यात ने आणि उपवासाचं डॉक्टरांना स्पष्ट सांग.

आता काय करायचं ते ऐक. आज रात्री, वार कुठलाही असो, आत्याबाईंना पंगतीला बसव. नवऱ्याला फोन कर, "आईसाठी लवकर या" एवढंच म्हण. पोरांचे मोबाइल बाजूला ठेव. पहिलं ताट आत्याबाईंपुढं मांड आणि त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी खायचं नाही. "आमच्यासाठी उपाशी राहता का" असं मात्र चुकूनही विचारू नको. त्या कबूल करणार नाहीत, आणि चौघांपुढं त्यांची झाकली मूठ उघडी पडेल. "गोळी जेवल्यावरची आहे" एवढं कारण पुरे. देवीला चालत नाही म्हणाल्या तर पैठणच्या नाथांचं गाढव आठवून दे. रामेश्वराला वाहायला आणलेलं कावडीतलं गंगेचं पाणी नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं, ही गोष्ट त्यांनी कीर्तनात कितीदा तरी ऐकली असेल. त्यावर त्या काही बोलायच्या नाहीत.

भाकरी कमी असेल तर सगळ्यांच्या ताटातली थोडी थोडी कमी कर, तीही उघडपणे. पोरांना कळू दे. पोरं एवढी नाजूक नसतात, अर्ध्या भाकरीनं बिघडत नाहीत. रेशनचं धान्य पूर्ण उचलताय का तेही बघ. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो असतं, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. कार्ड पुरात गेलं असेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात दुसरं काढून मिळतं. लाजू नको, ते तुमच्या हक्काचं आहे.

नवऱ्याला बोलतं करायची धडपड आज करू नको. समोर आई जेवताना दिसली तर तो जागचा उठणार नाही. मात्र त्याच्या तोंडी मरणाची भाषा आली तर क्षणभर थांबू नको, त्याला एकटं सोडू नको, १४४१६ला फोन लाव. मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेल्या टेलि मानस मदतसेवेचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

राहिला दिवा. पूर का आला याचं देवाकडचं उत्तर मी तुला देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याचं तू ऐकू नको. श्रद्धेसाठी स्वतःच्या मागं लागू नको. आत्याबाई संध्याकाळी लावतात तो दिवा सध्या तुम्हा सगळ्यांना पुरतो. तुला लावावासा वाटेल तेव्हा लाव. तोवर त्यांच्या निरांजनात तेल आहे का तेवढं बघत जा.

आणि शनिवारी त्या जेवल्या का, ते मला कळव. एका ओळीचं पत्र पुरे.

– मावशी