हातात मावेल असा फोन आता मिळतच नाही का?

प्रश्न : माझे हात लहान आहेत. आधी २०१६चा चार इंची आयफोन एसई वापरला, मग १२ मिनी घेतला. आता त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते. नवा घ्यायला गेले, तर विक्रेता साडेसहा इंचांच्या खालचं काही दाखवायलाच तयार नाही. तेवढा फोन एका हातात धरून वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा नेला, की फोन निसटतो. मुलगा म्हणतो, "छोटे फोन लोकांनीच घेतले नाहीत, म्हणून बंद झाले. त्यात कंपन्यांचा काय दोष?" हे खरं आहे का? घडी घालायचा फोन घेऊ का? नाहीतर काय घेऊ?
— एक वाचक

उत्तर : माझाही हात लहान आहे आणि मी १३ मिनी वापरते. उत्तरात पक्षपात दिसला तर तो आहेच, असं समजा.

आधी चिरंजीवांचं पाहू. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२०मध्ये १२ मिनी विकायला काढला, पुढच्या वर्षी १३ मिनी आणला आणि सप्टेंबर २०२३मध्ये तोही बंद केला. मोठ्या भावंडांच्या मानाने ते कमी खपले, यात वाद नाही. पण कमी म्हणजे किती? आयफोन वर्षाला वीस कोटींच्या आसपास विकले जातात. त्यात शंभरामागे पाचच मिनी धरले, तरी एक कोटी गिऱ्हाइकं होतात. एक कोटी माणसं पैसे घेऊन उभी असताना 'मागणी नाही' म्हणणं एखाद्या अवाढव्य कंपनीलाच परवडतं.

मग ही गिऱ्हाइकं लहान कंपन्या का उचलत नाहीत? अडतं ते पडद्यापाशी. चांगला पडदा नव्या मापात हवा असेल, तर कारखान्याला फार मोठी ऑर्डर द्यावी लागते. तेवढी ऐपत नसेल तर तयार मापांतून निवडायचं, आणि तयार मापं सगळी मोठ्या फोनची. पेबल हे स्मार्ट घड्याळ काढणाऱ्या एरिक मिजिकोव्स्कीने २०२२मध्ये छोट्या अँड्रॉइड फोनसाठी जाहीर सह्या गोळा केल्या. सह्या मिळाल्या, फोन काही दुकानात आला नाही. मिजिकोव्स्की पुन्हा घड्याळांकडे वळले. दुसऱ्या टोकाला युनिहर्ट्झचा तीन इंची जेली आहे. तो खिशात हरवेल इतका छोटा. त्यावर मोठा मेल लिहून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. तीन इंच आणि सहा इंच यांच्या मधली जागा मात्र जवळजवळ ओस पडली आहे.

कंपन्यांची खरी अडचणही सांगायला हवी. फोन लहान केला म्हणून प्रोसेसर, मोडेम (नेटवर्कशी जोडणारी चिप), कॅमेरे लहान होत नाहीत. ते आपापली जागा अडवतात आणि उरलेल्या कोपऱ्यात बॅटरी बसवावी लागते. म्हणून साध्या १२मध्ये २८१५ एमएएच क्षमतेची बॅटरी, तर १२ मिनीमध्ये फक्त २२२७. पडदा लहान असल्याने थोडी वीज वाचते, पण मोडेम आणि प्रोसेसर काही कमी खात नाहीत. बनवायचा खर्चही फारसा उतरत नाही. आपण गिऱ्हाईक मात्र वस्तू छोटी दिसली की किंमतही छोटी असावी असं धरून चालतो. त्यात छोट्या फोनची माणसं चिवट. तुम्हीच बघा, हातातला बंद पडेस्तोवर दुसरा घ्यायचं नाव नाही. विक्रीच्या आकड्यांत अशा लोकांचं वजन पडणार कसं?

इतरांनीही हात टेकले. सोनीची कॉम्पॅक्ट मालिका २०१८च्या एक्सझेड२ कॉम्पॅक्टनंतर थांबली. एसूसचा झेनफोन १० हा २०२३चा ५.९ इंची फोन. पुढच्या वर्षीचा ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंचांचा. फेब्रुवारी २०२५मध्ये ४.७ इंची आयफोन एसईही गेला. आवड बदलली म्हणावं, तर बदललेली आवड तपासायला समोर दुसरं काही ठेवलेलंच नाही.

आता तुमचं काय. नवा फोन घेऊच नका. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्या. त्याआधी सेटिंग्जमध्ये बॅटरीची कमाल क्षमता पाहा. ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर दुपारच्या रडण्याचं कारण तेच. २०२५चं आयओएस २६सुद्धा १२ मिनीवर चालतं, त्यामुळे घाईचं काही कारण नाही.

तरीही घ्यायचाच झाला, तर इंच विसरा आणि मिलिमीटरमध्ये रुंदी पाहा. इंच हे पडद्याच्या तिरक्या रेषेचं माप आहे, तुमच्या मुठीचं नाही. २०११चा गॅलेक्सी नोट ५.३ इंची होता आणि जवळजवळ ८३ मिलिमीटर रुंद. लोक त्याला हसले होते. तुमचा मिनी कागदावर ५.४ इंची, म्हणजे त्याहून मोठा, पण रुंदी ६४.२. पडदे उंच आणि चिंचोळे झाले, कडा आक्रसल्या, त्याचा हा परिणाम. तुमचा जुना एसई ५८.६ होता. २०२५च्या प्रमुख फोनांत 'लहान' म्हणवणारा गॅलेक्सी एस२५ ७०.५ आहे, वजन १६२ ग्रॅम. सत्तरच्या आत नवं, चांगलं आणि पुढची काही वर्षं अपडेट मिळणारं काही सापडलं, तर मलाही कळवा. ऑनलाइन मागवण्याआधी लांबी-रुंदीच्या मापाचा पुठ्ठा कापा, जाडी येईल इतके थर चिकटवा आणि अंगठा विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यात पोचतो का पाहा.

आडवी घडी पडणाऱ्या 'फ्लिप' फोनचं म्हणाल, तर तो खिशाचा प्रश्न सोडवतो, अंगठ्याचा नाही. उघडला की पुन्हा पावणेसात इंचांच्या आसपासच.

प्रश्न : नाइलाजाने मोठा फोन घेतला आहे. एका हाताने वापरायची काही सोय?
— आणखी एक वाचक

उत्तर : आयफोनमध्ये 'रीचेबिलिटी' सुरू करा, पडद्याचा वरचा भाग खाली सरकतो. अँड्रॉइड १२पासून 'वन-हँडेड मोड' आहे. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड एका बाजूला सरकवता येतो. ब्राउझरची पत्त्याची पट्टी तळाशी घ्या. सफारीत ही सोय २०२१पासून आहे. मागे पट्टा किंवा अंगठी चिकटवा, आणि करंगळीच्या आधारावर फोन तोलायची सवय असेल, तर ती आजच सोडा.