जर्मनीतली रानडुकरं आणि चेर्नोबिल
प्रश्न: चेर्नोबिलचा अणुभट्टी अपघात १९८६ चा, मग जर्मनीतल्या रानडुकरांच्या मटणात अजून रेडिएशन कसं?

उत्तर: कारण सीझियम-१३७, त्या अपघातातून बाहेर पडलेला किरणोत्सारी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं, त्यामुळे आत्ता कुठे ते निम्म्याहून थोडं कमी उरलंय. शेतात चिकणमातीचे कण त्याला घट्ट धरून ठेवतात, वरून पोटॅश टाकलं की पीक सीझियम अजून कमी उचलतं. जंगलात मात्र वर नुसता पालापाचोळा, चिकणमाती कमी, त्यामुळे ते मोकळं राहतं, बुरशी आणि मुळं ते ओढतात, पानं गळली की परत मातीत, असं चक्र चालूच. रानडुकरं जमिनीखालची बुरशी उकरून खातात, म्हणून त्यांच्यात जास्त. आणि त्यातलं काही सीझियम तर जुन्या अणुचाचण्यांचं आहे, हे मला जास्त अस्वस्थ करतं. जर्मनीत ६०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति किलोच्या वर गेलेलं मटण विकता येत नाही.