साखर आणि जखमेवर ॲक्युप्रेशर: गोळ्या बंद करून बघावं का?

तुम्ही लिहिलंय की आप्पांना नऊ वर्षं साखर आहे. रोप लावताना चिखलात पाय मुरगळला, त्याच पायाच्या टाचेच्या भेगेत जखम झाली आणि तीन आठवडे झाले तरी ती भरत नाही. खानापूरच्या बाजारात कुणी सांगितलं की ॲक्युप्रेशरनं साखर उतरते, जखमही लवकर भरते. म्हणून थोडे दिवस गोळ्या बंद ठेवून बघावं का, असं विचारलंय.

गोळ्या बंद करू नका. जखम उद्याच डॉक्टरला दाखवा, रविवारची वाट बघू नका. बाकीचं आता सावकाश सांगते.

मी बेळगावातल्या वडगावची, मागाच्या म्हणजे विणकरांच्या घरातली. मला २०१३ पासून साखर आहे. २०१९ मध्ये दिवाळी झाली आणि उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात मागं जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. साखरवाल्यांचा खांदा असा धरतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेजारणीनं टिळकवाडीतल्या एका ॲक्युप्रेशरवाल्याचं नाव सुचवलं. माणूस चांगला होता. कानडी बोलायचा. अंगठा रोवण्याआधी ‘स्वल्प नोवु आगतद री’, म्हणजे ‘थोडं दुखेल हं’, म्हणायचा आणि मग डोळ्यांतून पाणी काढायचा. दोन आठवड्यांत मी रात्रीची सलग झोपायला लागले. खांदा पुरता सुटायला वर्ष गेलं, त्यात डॉक्टरनं शिकवलेले व्यायामही होते. पण दुखणं कमी झालं ते दाबण्यानं, हे मी कुणापुढंही सांगेन. दाबाची जाणीव मज्जारज्जूत दुखण्याच्या जाणिवेची वाट अडवते, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडला होता. लागलेल्या जागी आपण आपसूक हात चोळतो, त्यातलंच हे.

त्यानंच मला साखरेचे बिंदू दाखवले. एक गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेरच्या अंगाला. चिनी लोक त्याला झू सान ली म्हणतात. दुसरा आतल्या घोट्याच्या वर चार बोटं, सान यिन जिआओ. बोटं स्वतःची धरायची, दाबणाऱ्याची नव्हेत. जागा बरोबर सापडली की एक बोथट ठणका उठतो. एकेक बिंदू दीडदोन मिनिटं. (घरात कुणी गरोदर असेल तर हा दुसरा बिंदू आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू, दोन्ही दाबायचे नाहीत.)

तीन महिने मी हे नेमानं केलं. एचबीए१सी ८.१ वरून ७.५ वर आलं. ही रक्ताची तपासणी मागच्या दोनतीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. मी खुशीत कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या मिठाईचा, पुडा घेऊन त्याच्याकडं जाणार होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, ‘आई, तू त्याच्याकडं जातेस कशी?’ चालत! वडगावहून टिळकवाडीला जायचं आणि चालतच परत यायचं, आठवड्यातून चार दिवस. त्याआधी माझं चालणं म्हणजे घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग साखर त्याच्या अंगठ्यानं उतरली की माझ्या पायांनी? पुढं लॉकडाऊन लागलं. चालणं बंद, दाबणं मात्र घरी रोज चालूच. पुढच्या तपासणीला आकडा परत ८ च्या वर. मला माझं उत्तर मिळालं.

शास्त्राच्या अंगानं बघितलं तरी यावर जे अभ्यास झालेत ते बहुतेक लहान लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. झोप नीट लागली, मनाचा ताण उतरला की साखर थोडी खाली राहते, हे खरं. ताणात अंगात जी संप्रेरकं वाढतात ती साखर चढवतात. तेवढा फायदा घ्यावा. पण तो गोळीच्या जोडीनं, आणि जेवण न चुकवता. आमच्या गल्लीतल्या एका माग कामगाराला असाच कुणीतरी दाबण्याबरोबर एक वेळचा उपास सांगितला. त्याची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालूच होती. दुपारी घामानं चिंब होऊन मागाशेजारीच बसला. साखर ५२. गूळ चाटवला म्हणून निभावलं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर सुई टोचलेली जागा चोळूसुद्धा नये, औषध भराभर रक्तात उतरतं.

आता पायाचं सांगते, कारण तुमचं खरं दुखणं तिथं आहे.

त्या माणसाच्या भिंतीवर तळव्याचा एक रंगीत नकाशा होता. इथं मूत्रपिंड, इथं स्वादुपिंड. पुष्कळांना वाटतं ही हजारो वर्षांची चिनी विद्या. तळव्याचा तो नकाशा १९३० च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅम नावाच्या बाईंनी तयार केला, त्याला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. तो ‘स्वादुपिंडाचा बिंदू’ लाकडी काडीनं दाबताना माझा उजवा पाय कळवळायचा आणि डावा गप्प. तो म्हणाला, ‘डावीकडचा अडथळा मोकळा झाला.’ मलाही बरं वाटलं. पण रोज रात्री दाबताना मनात यायचं, दोन पाय एकाच बाईचे, मग एकालाच कसं दुखतं?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी नायलॉनचा एक धागा काढला. मागाच्या घरातली मी, धागा बघून हसूच आलं. ‘अक्का, डोळे मिटा, लागला की सांगा,’ म्हणाल्या. तो धागा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. माझ्या डाव्या पायाला चार जागी तो टेकला आणि मला पत्ताच नाही. अडथळा कसला मोकळा, नसा मेल्या होत्या. ॲक्युप्रेशरनं मला साखरेत काय दिलं ते वर लिहिलं. हे मात्र त्यानंच दिलं: रोज रात्री पाय हातात घ्यायची सवय. नाहीतर पहिला फोड फुटेपर्यंत मला कळलं नसतं.

आप्पांना चिखलात काटा, खडा रुतलेला कळतो का? विचारा. आणि धाग्याची ती तपासणी करून घ्या.

टाचेच्या जखमेला दाब नको, उलट तिच्यावरचा दाब काढायचा असतो. तीन आठवडे भरत नाही याचं एक कारण हेच असणार, ते तिच्यावरच उभे राहतात. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठाही कमी होतो. डॉक्टर मेलेली कातडी काढतील, टाच टेकणार नाही अशी सोय करतील. जखमेवर, तिच्या भोवती, सुजेवर कुणाचा अंगठा लागू देऊ नका. ते खडबडीत टोकांचे ॲक्युप्रेशर चपलाही नकोत. बधिर पायाला त्यांनी नवी जखम होते. शेकायला गरम पाण्यात पाय बुडवणंही नको. पाणी किती गरम हे त्यांच्या पायाला कळणार नाही.

मुरगळलेल्या पायाचं वेगळं बघा. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवलं की कळ येत असेल तर एक्स-रे काढाच. आणि पाय लाल, गरम, सुजलेला असून आप्पा ‘एवढं काय दुखत नाही बघ’ म्हणत असतील तर त्यावर खुश होऊ नका. साखरवाल्यांच्या बधिर पायात हाडं आतल्या आत मोडतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. शार्कोचा पाय म्हणतात त्याला. पोटरी एकाच पायाची सुजली असेल तर तीही चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते.

एवढं सगळं झालं आणि आप्पांना तरीही दाबून घ्यायचंच असेल, तर मान, खांदे, हात खुशाल दाबून घ्या. झोप छान लागेल. फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जोर लावू नका, काळंनिळं होतं.

एचबीए१सी किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. उद्या जखम दाखवायला जाल तेव्हाच रक्त द्या. त्याला उपाशीपोटी असावं लागत नाही, भाकरी खाऊन गेलं तरी चालतं.