कॉलेजात असताना इंटर्नशिप केली नाही, आता सगळीकडे अनुभव मागतात. बी.कॉम. नंतर पहिली नोकरी कशी मिळवायची?

तुम्ही लिहिलंय की यंदा बी.कॉम. झालं, घर बार्शीत आहे, तीन वर्षांत कुठेच इंटर्नशिप केली नाही, आणि अकाउंट्सची जी जाहिरात उघडावी तिथे 'किमान एक वर्ष अनुभव' असतंच. मी भोसरी एमआयडीसीतल्या मशिनचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्याचं अकाउंट्स बघतो. ज्युनिअर घ्यायचा झाला की पहिली मुलाखत माझ्याकडे असते. त्यामुळे माणूस निवडताना आम्ही काय बघतो, तेच सांगतो.

ते 'एक वर्ष' जाहिरातीत कुठून येतं हे आधी समजून घ्या. लहान कारखान्यात अकाउंट्सला तीन-चार माणसं असतात. 7 तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 20 ला 3बी (महिन्याचं कर भरायचं रिटर्न), मधल्या मध्ये पगार करायचे, बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. या गडबडीत नव्या मुलाला बिल कसं वाचायचं इथपासून शिकवायला कुणालाच सवड नसते. म्हणून एक वर्षाची अट टाकली जाते. मला मात्र मुलाखतीत दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. खरेदीच्या बिलांचा गठ्ठा हातात दिला तर संध्याकाळपर्यंत तो टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट चढलेला असेल का? आणि अडलं तर हा मुलगा अंदाजपंचे एंट्री ठोकून देईल की उठून विचारायला येईल? याचा भरवसा वाटला तर एक वर्षाची अट बाजूला ठेवायला माझी काहीच हरकत नसते. उलट इंटर्नशिपचं सर्टिफिकेट असलेली, पण सहा महिने नुसती फायलिंग आणि झेरॉक्स केलेली मुलंही भरपूर येतात. त्यांची आणि तुमची सुरुवात एकाच जागेवरून होते, हे मनापासून सांगतो.

तेव्हा अर्ज पाठवायच्या आधी हाताशी एक खरं काम तयार करा. बार्शीत आडत दुकानं, डाळ मिल, मेडिकल, हार्डवेअर, काय कमी आहे? नात्यातला, ओळखीचा एखादा जीएसटी नंबर असलेला दुकानदार गाठा आणि सांगा, 'तुमची तीन महिन्यांची खरेदीची बिलं द्या, मी टॅलीत चढवून देतो, पैसे नकोत.' टॅली प्राइमचं एज्युकेशनल व्हर्जन फुकट मिळतं. त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखांना एंट्री घेता येते, पण सरावाला तेवढं पुरतं. बिलाची खरी तारीख नॅरेशनमध्ये (एंट्रीखालच्या टीपेत) लिहा.

एंट्र्या झाल्या की खरं शिक्षण पुढे आहे. दुकानदाराकडून किंवा त्याच्या टॅक्स कन्सल्टंटकडून त्याच महिन्यांचं जीएसटीआर-2बी एक्सेलमध्ये मागून घ्या. हे स्टेटमेंट दर महिन्याच्या 14 तारखेला पोर्टलवर तयार होतं, आणि पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली ते त्यात असतं. तुमची खरेदी एका शीटवर, 2बी दुसऱ्या शीटवर, आणि व्हीलुकअप (दोन याद्या जुळवायचा एक्सेलचा फॉर्म्युला) लावून जुळवा. कधीच पूर्ण जुळत नाही! कुठे पुरवठादाराने बिल दाखवलेलंच नसतं, म्हणजे त्या बिलावर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) अडकलं. कुठे रक्कम दोन-पाच रुपयांनी इकडेतिकडे. कुठे गुजरातचा पुरवठादार असून आपण सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा जीएसटी) लावून बसलेलो असतो. त्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे 24 आहेत, आपले 27, म्हणजे राज्य वेगळं, तिथे आयजीएसटी हवा. प्रत्येक फरकासमोर कारण लिहा. ती यादी म्हणजेच तुमचा अनुभव. आमच्याकडे ज्युनिअर अकाउंटंट महिन्याच्या मध्यावर नेमकं हेच काम करत असतो.

मागे एक मुलगी मुलाखतीला आली होती, इंटर्नशिप शून्य. तिने मामाच्या मेडिकलच्या खरेदीचा असाच ताळा केलेला होता. तिच्या प्रिंटवर एका ओळीला पिवळा रंग होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, 'सर, हे बिल दोनदा चढलं होतं. कागदावर नंबर 104 होता आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये 0104, म्हणून टॅलीला दोन वेगळी बिलं वाटली. रक्कम आणि तारीख एकच दिसली म्हणून पार्टीला फोन करून विचारलं.' मला पुढे फारसं विचारावं लागलं नाही. पार्टीला फोन करून खात्री करणं, हे शिकवून येत नाही. दोनदा चढलेलं बिल दोनदा पेमेंट होऊन जातं आणि वर्षाअखेरीस ऑडिटर विचारेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ती मुलगी आता आमच्याकडचं सगळं क्रेडिटर्सचं (ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांचं) खातं सांभाळते.

एक काळजी घ्या. दुसऱ्याची बिलं दाखवताना दुकानदाराची परवानगी हवी, आणि पार्ट्यांची नावं, जीएसटी नंबर झाकून 'पार्टी अ', 'पार्टी ब' करा. मुलाखतीत कुणी दुसऱ्याचे कागद उघडेवाघडे माझ्यासमोर पसरले, तर उद्या हा आमचेही असेच पसरेल, हा विचार माझ्या डोक्यात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरं काम बँक रिकन्सिलिएशन. घरातल्या कुणाच्याही करंट अकाउंटचं एका महिन्याचं स्टेटमेंट घ्या आणि आपल्या हिशोबातल्या बँक बुकशी जुळवा. बँक चार्जेस, वटायचे राहिलेले चेक, नाव न कळणारी यूपीआय जमा, हे हाताळलं की पुस्तकातलं गणित आणि कामातलं काम यांच्यातलं अंतर कळतं. मुलाखतीत मी हमखास एक स्टेटमेंट आणि लेजरची प्रिंट समोर ठेवतो. याशिवाय माल परत पाठवला तर डेबिट नोट कोण काढतं, पुरवठादाराला ॲडव्हान्स दिला तर एंट्री काय, कंत्राटदाराच्या बिलावर टीडीएस कापून नेट किती द्यायचं, हे विचारतो. व्याख्या कुणी विचारत नाही, निदान कारखान्यात तरी नाही.

रेझ्युमे एकच पान ठेवा. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'चा तो सगळ्यांचा सारखा असणारा परिच्छेद काढून टाका. त्या जागी वरचं काम तीन ओळींत लिहा. छंद, वडिलांचं नाव, जात-धर्म काही लागत नाही. पण गणेश मंडळाचे खजिनदार असाल तर ते नक्की लिहा! वर्गणीच्या पावत्या, मांडववाल्याचं ॲडव्हान्स, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचे कागद, शेवटी सगळ्यांसमोर जमा-खर्च मांडणं, हा खरा हिशोबाचा अनुभव आहे आणि मुलं तो संकोचाने लपवतात. रोख पैसा हाताळून हिशोब चोख दिलेला माणूस कुठल्याही मालकाला हवाच असतो.

अर्जासोबतची मेल थोडक्यात असावी. समजा अशी: 'नमस्कार, मी यंदा बी.कॉम. झालो. नोकरीचा अनुभव नाही. एका मेडिकल दुकानाची एप्रिल ते जूनची खरेदी टॅलीत घेऊन 2बीशी जुळवली, फरकांची यादी सोबत जोडली आहे. आपल्याकडे ज्युनिअर अकाउंटंटची जागा असेल तर मी भेटायला येऊ शकतो.' तीन ओळींची अशी मेल मी उघडून वाचतो. 'रिस्पेक्टेड सर, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' हे मात्र सगळेच लिहितात, त्यावरून कुणाचंच काही कळत नाही. इंग्रजीचं दडपण असेल तर घेऊ नका. पार्ट्यांशी फोनवर मराठी-हिंदी चालते आणि मेलमध्ये लागणारी वाक्यं ठरलेली असतात. महिन्याभरात हात बसतो.

आता अर्ज कुठे करायचे ते. नोकरी डॉट कॉम, इंडीड, अपना यांवर प्रोफाइल ठेवा, पण नुसतं त्याच भरवशावर राहू नका. पहिल्या नोकरीसाठी माझ्या मते सीएचं ऑफिस सगळ्यात चांगलं. तिथे आर्टिकलशिप करणारे सीएचे विद्यार्थी असतातच, पण त्यांच्याबरोबर एंट्री आणि रिटर्नचं काम करायला बी.कॉम. झालेली मुलंही लागतात. जुलैअखेर इन्कम टॅक्स रिटर्न, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. सरकार मुदत वाढवतं ते वेगळं, पण या काळात प्रत्येक ऑफिसला माणूस कमी पडत असतो. जूनमध्येच बार्शी आणि सोलापुरातल्या ऑफिसांत प्रत्यक्ष जाऊन भेटा, फाइल हातात घेऊन, सकाळी अकराच्या सुमाराला. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास अजिबात जाऊ नका, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. पगार कमी मिळेल, पण वर्षभरात दहा प्रकारच्या धंद्यांची पुस्तकं बघायला मिळतील. त्यानंतर पुण्यात आलात तर अनुभवाची अट पूर्ण झालेली असेल, आणि तोवर रूमभाड्याचा भारही नसेल.

सरकारी मार्गही बघून ठेवा. अप्रेंटिसशिप फक्त आयटीआय आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी असते असा समज आहे. कायद्यात 2014 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही ती करता येते. केंद्राच्या नॅट्स (अप्रेंटिसशिपच्या योजनेच्या) पोर्टलवर नोंदणी करा, स्टायपेंड मिळतो आणि शेवटी मिळणारं सर्टिफिकेट अनुभव म्हणून दाखवता येतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधरांना महिना 10,000 रुपये आणि सहा महिन्यांची मुदत होती, पुढे ती 11 महिने केली. महास्वयम पोर्टलवर सध्या जागा आहेत का ते तपासा. फक्त ती नोकरी समजू नका, प्रशिक्षण संपलं की तिथेच कायम करतील असं धरून चालू नका. आणि जिथे मिळेल तिथे अकाउंट्सचंच काम मागून घ्या, नाहीतर आवक-जावकच्या रजिस्टरवर मुदत संपून जाते.

एका गोष्टीबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. 'पाच हजारांत एक वर्षाचं एक्स्पीरिअन्स लेटर देतो' म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील, कदाचित कॉलेजच्या ग्रुपवरच. घेऊ नका. अनुभव सांगितला की आम्ही पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) मागतो, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट मागतो, आधीच्या ऑफिसला फोन करतो. लहान ऑफिसात पीएफ नसतो हे मान्य, पण पगार कुठेतरी जमा झालेला दिसतोच, आणि एक वर्ष काम केलेल्याला 2बी काय ते माहीत असतं. अकाउंट्सच्या माणसाचं सगळं भांडवल त्याच्या विश्वासावर असतं. 'अनुभव नाही' म्हणणाऱ्याला मी पुन्हा बोलावू शकतो, खोटं पत्र घेऊन आलेल्याला नाही.

तसंच रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारी नोकरी ही नोकरीच नाही. नोकरी देणारा पैसे घेत नाही. ओरिजिनल मार्कशीट तपासायला दाखवा, जमा करून घेतो म्हणाले तर देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी घरी आणून कुणाला तरी वाचायला द्या.

पगाराचं बोलणं निघालं की 'सीटीसी किती' यापेक्षा 'हातात किती' हे विचारा. सीटीसीत, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरच्या एकूण खर्चात, मालकाचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. तुमच्या बाजूने पीएफचे 12 टक्के, पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयचे (सरकारी आरोग्य विम्याचे) 0.75 टक्के आणि दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, प्रोफेशनल टॅक्स कापला जाईल (मुलींना 25,000 पर्यंत तो माफ आहे). पीएफ-ईएसआय कापणारी जागा आणि 'रोख देतो, कापत नाही' म्हणणारी जागा यांत थोडा कमी पगार असला तरी पहिली घ्या. तिथे तुमचा यूएएन तयार होतो, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तुमच्या अनुभवाचा पुरावा तोच असतो. ऑफर लेटर मेलवर मागा, तोंडी ठरलेली जॉइनिंगची तारीख आणि पगार त्यात आहे का ते बघा, आणि मगच बाकीच्या मुलाखती थांबवा.

ताळा करताना 2बीमधलं काही अडलं तर फरकाची ओळ इथेच कमेंटमध्ये टाका, पार्टीचं नाव झाकून. मी बघून सांगेन.