वाचक विचारतात : जपानमधली दहा बाय बाराची खोली

जपानच्या सहलीबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा वाटलं होतं की साकुरा (चेरीचा बहर) आणि बुलेट ट्रेनबद्दल विचारतील. इंदूरकरांनी विचारलं ते हॉटेलच्या खोलीबद्दल, आणि तेही स्वस्त हॉटेलच्या. प्रश्न रास्त आहे. स्टेशनाजवळच्या या हॉटेलांना तिथे 'बिझनेस हॉटेल' म्हणतात. ती स्वच्छ असतात, सुरक्षित असतात आणि फार लहान असतात. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या, पण आपले लोक पहिल्या दोन ऐकतात आणि तिसरी दार उघडल्यावर बघतात.

आम्ही नवरा-बायको टोकियोत पाच रात्री राहणार आहोत. 'सेमी-डबल' खोली 'ट्विन'पेक्षा बरीच स्वस्त दिसते. घ्यावी का? (तिलकनगर)

आधी माप बघा, मग भाव. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग, सेमी-डबल म्हणजे बहुतेक ठिकाणी १२० सेंटिमीटर रुंदीचा एकच पलंग. चार फुटांना बोटभर कमी. आपल्याकडचा डबलबेड पाच किंवा सहा फुटांचा असतो, म्हणजे दोघांत मिळून फूट-दोन फूट जागा गेली. शिवाय पलंगाची एक बाजू भिंतीला चिकटवलेली असते. भिंतीकडे झोपलेल्याला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून किंवा पायथ्याकडून सरकून यावं लागतं. एक रात्र गंमत वाटते, पाच रात्री नाही.

खोली साधारण ११ ते १३ चौरस मीटर. अकरा म्हणजे ११८ चौरस फूट, थोडक्यात आपली दहा बाय बाराची खोली. फरक एवढाच की तिच्यात बाथरूमही धरलेलं असतं. बुकिंगच्या पानावर खोलीचं क्षेत्रफळ आणि पलंगाची रुंदी हे दोन आकडे बहुतेक वेळा दिलेले असतात. फोटोवर जाऊ नका, फोटो कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सने काढलेले असतात. दोघांसाठी १४० सेंटिमीटरचा 'डबल' चालेल, पाच रात्रींसाठी ट्विन घ्या आणि १६ चौरस मीटरच्या खाली जाऊ नका.

आणखी एक. जपानमध्ये भाडं नुसत्या खोलीवर नव्हे, माणसांवरही ठरतं. एकाच्या नावाने सिंगल घेऊन दोघांनी राहायचं ही आपली युक्ती तिथे चालत नाही. प्रत्येक पाहुण्याची नोंद होते आणि जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी माणसाच्या पासपोर्टची प्रत काढून ठेवतात. लहान मुलं आई-वडिलांच्या पलंगावर झोपणार असतील तर बऱ्याच हॉटेलांत पैसे लागत नाहीत, पण वयाची अट हॉटेलागणिक बदलते. बुकिंग करतानाच मुलांची संख्या आणि वय लिहा. काउंटरवर मूल 'उगवलं' तर खोली बदलावी लागते आणि गर्दीच्या दिवसांत बदलायला खोली नसते.

भाव वारावरही ठरतो. शनिवारची रात्र महाग, रविवारची सगळ्यात स्वस्त. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि नववर्ष, या तीन काळांत जपानी लोक स्वतःच फिरायला निघतात. आपल्या मुलांच्या उन्हाळी सुटीत जाणार असाल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या तारखा धरा.

हॉटेल 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहितात. विश्वास ठेवावा? (सुदामानगर)

ठेवा, पण हिशेब समजून. घरांच्या जाहिरातींसाठी तिथे ८० मीटर म्हणजे एक मिनिट असा नियम आहे, हॉटेलंही सहसा तोच धरतात. पाच मिनिटं म्हणजे ४०० मीटर. त्यात सिग्नलवर थांबणं धरलेलं नसतं आणि अंतर सर्वांत जवळच्या दारापासून मोजलेलं असतं. शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या वर दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर पाचाची वीस मिनिटं सहज होतात, वर बॅगा ओढायच्या. म्हणून हॉटेलच्या नावासोबत दाराचं नाव किंवा नंबर लिहून ठेवा आणि त्या दाराला लिफ्ट आहे का तेही बघा.

विमान सकाळी पोचतं आणि खोली तीन वाजता मिळते. मधल्या वेळात काय? बॅगा तर मोठ्या आहेत. (राजेंद्रनगर)

खोली दुपारी तीनला मिळते आणि सकाळी दहा किंवा अकराला सोडावी लागते. दोन्ही वेळा घड्याळाप्रमाणे पाळतात, 'जरा लवकर द्या ना' म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दिल्ली-मुंबईहून रात्री निघणारी बरीच विमानं तिथे सकाळी उतरतात. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे आठ वाजले तेव्हा तुमच्या शरीराच्या मते साडेचारच. उपाय सोपा आहे. सरळ हॉटेलवर जा, काउंटरवर बॅगा द्या, बिल्ला घ्या आणि बाहेर पडा. त्या दिवशी मुक्काम असेल तर बॅगा ठेवण्याचे पैसे सहसा लागत नाहीत, शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावरही ठेवतात. औषधं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असू द्या.

बॅगेचं म्हणाल, तर अठ्ठावीस इंची बॅग ११ चौरस मीटरच्या खोलीत जमिनीवर उघडत नाही. ती पलंगावर उघडावी लागते. पलंगाखाली बहुधा मोकळी जागा असते, बंद बॅग तिथे जाते. दोघांत एक मोठी आणि एक मध्यम बॅग एवढंच सामान बरं.

टोकियोहून क्योटो किंवा ओसाकाला जाताना मोठी बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवता येते. या सेवेला 'ताक्क्युबिन' म्हणतात. काउंटरवरच चिठ्ठी भरायची: पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि तिथे पोचण्याची तारीख. बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणजे एका रात्रीपुरते कपडे जवळ हवेत. लोक नेमकं हेच विसरतात. बॅग बरोबरच न्यायची असेल तर लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज करा. तोकाइदो शिंकानसेनमध्ये, म्हणजे टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये, बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसह सीट आधी राखावी लागते. त्याचे जादा पैसे नाहीत, पण न राखता बॅग नेली तर १,००० येन भरावे लागतात.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिथली बाथरूम कशी असतात? (रामबाग)

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा होता. स्वस्त हॉटेलातलं बाथरूम म्हणजे 'युनिट बाथ': टब, बेसिन, कमोड, भिंती आणि जमीन असा कारखान्यात तयार झालेला प्लास्टिकचा डबा, जो आणून खोलीत बसवतात. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी हॉटेल न्यू ओतानी घाईने उभं करायचं होतं, तेव्हा तोतो कंपनीने ही पद्धत आणली. नळ्या या डब्याखालून जातात, म्हणून बाथरूमची जमीन खोलीपेक्षा उंच असते. दारातच वीतभर पायरी येते. रात्री झोपेत हीच ठेच लागते. आत गेल्यावर आंघोळीसाठी टबाचा गुडघ्याइतका कठडा ओलांडायचा. बादली-तांब्या नसतो आणि टबाबाहेर बसून आंघोळ करता येत नाही, कारण ती जागा ओली करण्यासाठी नसतेच.

आईंसाठी तीन पर्याय आहेत. 'युनिव्हर्सल' किंवा 'बॅरियर-फ्री' खोली मागा, एका हॉटेलात अशा एक-दोनच असतात, म्हणून महिने आधी. नाही मिळाली तर आंघोळीची जागा आणि कमोड वेगळे असलेली खोली शोधा. तिथे टबाबाहेर निचऱ्याची फरशी आणि बसायला छोटं स्टूल असतं. तिसरा पर्याय म्हणजे सार्वजनिक स्नानगृह असलेलं हॉटेल. स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे, प्रत्येक नळासमोर बुटकं स्टूल आणि छोटं घंगाळ. अगदी आपल्या आजीची पाटावरची आंघोळ! मात्र तिथे अंगावर कपडा ठेवत नाहीत, आणि आधी बसून अंग स्वच्छ धुतल्याशिवाय गरम कुंडात उतरत नाहीत. आईंना हे चालेल का, ते तिकीट काढण्याआधी विचारा.

युनिट बाथ वापरताना पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत सोडायचं, बाहेर राहिलं तर पाणी उंबरठा ओलांडून खोलीत येतं. नळ आणि शॉवरची कळ एकच असते, बाण कुठे आहे ते बघून मगच पाणी सोडा, नाहीतर साडीसकट भिजाल. आंघोळ करताना दार लावून घ्या. वाफ खोलीत गेली की काही ठिकाणी धुराची घंटा वाजते.

कमोडला धुण्याचा फवारा असतो, हे आपल्या लोकांना स्वर्गसुख. तो बसल्याशिवाय सुरू होत नाही, उभ्याने बटणं दाबून 'बिघडलाय' म्हणू नका. थांबवण्याचं बटण कुठलं ते आधी शोधून ठेवा. कागद कमोडमध्येच टाकायचा, डब्यात नाही.

पाणी तापवायला रॉड आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यावा म्हणतोय. (मल्हारगंज)

नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची, आपली २३०ची. तापणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. हजार वॉटचा रॉड तिथे १९० वॉटचाही राहत नाही. एक लिटर पाणी चहाजोगं व्हायला अर्धा तास लागेल. शिवाय खोलीत स्वयंपाकाला मनाई असते. खोलीत किटली असतेच आणि नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. किटलीत फक्त पाणी उकळा. दूध किंवा मॅगी उकळलीत तर पुढच्या पाहुण्याच्या चहाला वास येईल आणि साफसफाईचे पैसे तुमच्याकडून जातील.

मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४०' लिहिलेलं असेल तर तो चालतो. तिथलं सॉकेट दोन चपट्या पात्यांचं, आपल्या गोल पिनांना अडॅप्टर लागतो. खोलीत तिसऱ्या पिनेचं भोक बहुधा नसतं, तेव्हा तीन पिनी लॅपटॉपसाठी तीन पिना घेऊन दोन पात्यांत जाणारा अडॅप्टर घ्या. सॉकेट मोजून दोन-तीन, म्हणून अनेक तोंडांचा एक चार्जर पुरे. (उलटंही लक्षात ठेवा: तिथला १०० व्होल्टचा राइस कुकर हौसेने आणून इंदुरात लावलात तर पाचपट ताकद घेऊन जळेल.)

आम्ही शुद्ध शाकाहारी. हॉटेलचा नाश्ता घ्यावा का? (स्नेहलतागंज)

पैसे देऊन घेऊ नका. फुकट असेल तर निवडून खा. अडचण मटण-मासळीच्या तुकड्यांची नाही, ती दिसते तरी. अडचण 'दाशी'ची. हा सुक्या बोनिटो माशाचा अर्क मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, अगदी अंड्याच्या वडीतही असतो. नात्तो हे आंबवलेलं सोयाबीन शाकाहारी, पण त्याच्यासोबतच्या सॉसच्या पुडीत बहुधा मासा असतो. निर्धोक म्हणजे साधा भात, ड्रेसिंगशिवाय सॅलड, फळं, दही. ब्रेडमध्ये कधी डुकराची चरबी असते, लेबलवर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करून घ्या.

बाकी पोट घरच्या डब्यावर. गरम पाण्यात होणारे पोहे-उपम्याचे पाकीट, थेपले, शेव. आणि जिरावन मसाल्याची पुडी जरूर, साध्या पांढऱ्या भातावर भुरभुरली की भात गिळवतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर वनस्पती तपासणीत अडकतात.

मुलगा इंजिनीअर आहे, एकटाच ओसाकाला चाललाय. कॅप्सूल हॉटेल चालेल? (विजयनगर)

एक रात्र, जरूर. या प्रकाराचा जन्मच ओसाकातला: १९७९ साली किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने आराखडा केलेलं पहिलं कॅप्सूल हॉटेल तिथे उघडलं. झोपायची पेटी साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. बसता येतं, उभं राहता येत नाही. दाराला कुलूप नसतं, पडदा असतो, म्हणून पासपोर्ट आणि पैसे लॉकरमध्ये. लॉकर उभा आणि अरुंद, मोठी बॅग त्यात मावत नाही, ती काउंटरजवळ ठेवतात. अनेक रात्री राहिलं तरी बहुतेक ठिकाणी रोज सकाळी पेटी रिकामी करावी लागते, दिवसा आराम नाही. मोबाइलचा गजर कंपनावर ठेवायचा आणि कानात बोळे घालायचे, वरच्या पेटीतलं घोरणं थेट ऐकू येतं. तीन-चार रात्री असतील तर साधी सिंगल घ्या. रविवार ते गुरुवार भावात फार फरक उरत नाही.

खोलीत सकाळी देवापुढे उदबत्ती लावली तर? (जुनी इंदूर)

धुराची घंटा वाजेल आणि मजला रिकामा करतील. हात जोडा, पुरेल.

भूकंपाची भीती वाटते. एवढ्या अरुंद खोलीतून बाहेर कसं पडायचं? (महू)

बहुतेक वेळा बाहेर पडायचंच नसतं. १ जून १९८१पासून तिथे बांधकामाचे कडक भूकंपनियम लागू आहेत, हॉटेल निवडताना इमारत त्यानंतरची आहे का बघा. हादरा बसला की खिडकीपासून दूर, उशी डोक्यावर. हादरा थांबला की दार उघडून ठेवा. लिफ्ट वापरायची नाही. पलंगाजवळ भिंतीवर विजेरी टांगलेली असते, ती खाचेतून काढली की आपोआप लागते. खिडकीवर लाल उलटा त्रिकोण दिसला तर ती अग्निशमन दलाची आत येण्याची वाट, तिच्यासमोर सामान नको. लहान खोलीतली खरी चूक म्हणजे बॅग दाराच्या बोळात उभी करणं. बोळ जेमतेम दोन-अडीच फुटांचा, बॅग आडवी पडली तर दार उघडत नाही. रात्री ती पलंगाखालीच ढकला आणि चपला हाताशी ठेवा. आग-रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

कपडे धुण्याची सोय? (अन्नपूर्णा रोड)

बहुतेक हॉटेलांत नाण्यांवर चालणारी यंत्रं असतात. १०० येनची नाणी साठवा, नोटा घेत नाहीत. धुण्याला अर्धा-पाऊण तास, सुकवण्याला त्याहून जास्त. सुकवण्याचं यंत्र १०० येनला वीस-तीस मिनिटं चालतं आणि तेवढ्यात जीन्स ओलीच राहते. रात्री नऊ-दहाला रांग लागते, म्हणून बाहेरून आल्या आल्या टाका. साबण बऱ्याच यंत्रांत आपोआप पडतो, वर आपली पावडर ओतलीत तर फेस दारातून बाहेर येतो.