'चरबीचे संदेश' आणि 'आधारपेशी'

प्रश्न असा आहे: परळच्या एका रुग्णालयासाठी मल्टिपल स्क्लेरोसिसचे (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा करणाऱ्या आजाराचे) माहितीपत्रक मराठीत करताना 'मेंदूतील चरबीचे संदेश आधारपेशींवर परिणाम करतात' हे वाक्य चालेल का?

'चरबी' आधी काढा. चरबी म्हटले की पोटाचा घेरच आठवतो. इथे विषय पेशीच्या आवरणातल्या लिपिडांपासून बनणाऱ्या रेणूंचा आहे. दादर-परळच्या गल्लीतल्या लॅबमध्येही 'लिपिड प्रोफाइल'ची पाटी असते; शब्द परका नाही. 'लिपिड संदेशक' लिहा. संदेश म्हणजे निरोप, संदेशक म्हणजे तो नेणारा रेणू.

या रेणूंसाठी 'स्रवतात' हे क्रियापदही टाळा, त्यातून ग्रंथीत साठा असल्याचा भास होतो. आनंदामाइडसारखा लिपिड संदेशक साठवून ठेवलेला नसतो. गरज पडली की विकरे (एन्झाइम) आवरणातली लिपिडे तोडून तो तिथल्या तिथे बनवतात. (१९९२ साली सापडलेल्या या रेणूचे नाव संस्कृत 'आनंद'वरून ठेवले आहे. इंग्रजी उच्चारावरून 'अ‍ॅनंडामाइड' लिहिणे म्हणजे घरचाच शब्द परका करून परत आणणे.)

आता 'आधारपेशी', म्हणजे मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला असलेल्या ग्लिया पेशी. जर्मन वैद्य फिरखोव यांनी १८५६ मध्ये त्यांना 'न्यूरोग्लिया' हे नाव दिले. ग्रीक 'ग्लिया' म्हणजे सुतार वापरतो तसला सरस. चेतापेशींना धरून ठेवणारा लगदा, एवढीच तेव्हाची समजूत होती. म्हणून काहींना 'श्लेष' सुचतो, पण त्याने अलंकार आठवतो, नाहीतर श्लेष्मा म्हणजे कफ. शिवाय या पेशी नुसता आधार देत नाहीत. चेतापेशीने सोडलेला एंडोकॅनाबिनॉइड (आनंदामाइडच्या गटातला) रेणू तारकापेशीच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या ग्लिया पेशीच्या, सीबी१ ग्राहीवर (रेणू पकडणाऱ्या प्रथिनावर) बसला, की तिच्यात कॅल्शियम वाढते, ती ग्लुटामेट हा संदेशक रेणू सोडते आणि शेजारच्या सिनॅप्सचे (दोन चेतापेशींमधल्या जोडाचे) काम बदलते. निरोप घेऊन उत्तर देणाऱ्या पेशीला 'आधार' तोकडा पडतो. 'ग्लिया पेशी' ठेवा, पहिल्या उल्लेखात अर्ध्या ओळीत उकल द्या.

'परिणाम करतात' हेही पोकळ आहे: कोणता रेणू, कोणती पेशी, काय घडते? मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये वापरले जाणारे फिंगोलिमॉड हे औषध मुख्यतः लिम्फोसाइट्सना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) लसिका ग्रंथींत अडकवते, पण ते ज्यांवर बसते ते स्फिंगोसीन-१-फॉस्फेटचे ग्राही तारकापेशींवरही असतात. तेव्हा वाक्य असे करा: 'स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हा लिपिड संदेशक मेंदूतील तारकापेशींवरच्या ग्राहींना जोडला जातो आणि त्यामुळे दाह वाढू शकतो.' 'दाह'ऐवजी 'सूज' नको. रुग्ण डोक्यावर टेंगूळ शोधेल.